कडू किती ठेवायचं?

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. जिच्या नावातच इंडिया आहे ती बिअर माझ्या उरणच्या घरात बनवणं गुन्हा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो. त्यानुसार परवाना काढून बिअर पिता येते, पण परवान्याशिवाय ती बनवता येत नाही, मग ती स्वतःपुरती का असेना. त्यासाठी लागणारी भांडीकुंडी त्या हेतूने घरात ठेवणंही गुन्ह्यात येतं. त्यामुळे गेली दोन वर्षं मी बिअर फक्त स्प्रेडशीटमध्ये बनवतो.

प्रत्यक्षात ती शिजते अमेरिकेत, पोर्टलंडला, माझ्या कॉलेजच्या रूममेटच्या गॅरेजमध्ये. तिथे घरी बिअर बनवायला १९७८च्या कायद्याने परवानगी मिळाली, विकायची नाही एवढीच मुख्य अट. मी ऑनसाइटला आठ महिने तिकडे होतो तेव्हा आम्ही दोघांनी हा नाद लावून घेतला. मी परत आलो, पण नाद काही सुटला नाही. आता रविवारी सकाळी आठला मी उरणमध्ये चहा घेऊन लॅपटॉप उघडतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. तो पातेलं चढवतो, मी आकडे सांगतो. तो पितो आणि चव शब्दांत सांगतो, मी ती आकड्यांत लिहून घेतो. स्वतः न चाखता रेसिपी सुधारायची, म्हणजे प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस नसताना नुसते लॉग वाचून बग शोधण्यासारखं काम.

आमचं ध्येय पहिल्या दिवसापासून एकच होतं. फळांचा वास यावा आणि तोल असावा. आंबा, पेरू, संत्रं यांची आठवण व्हावी, पण बिअरमध्ये एकही फळ नको. हे जमतं, कारण हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कडू आम्लं आणि दुसरी सुगंधी तेलं. माल्टच्या गोड पाण्यात हॉप्स तासभर उकळले की आम्लांचं रूप बदलतं आणि कडवटपणा उतरतो, पण तेलं वाफेबरोबर उडून जातात. तेच हॉप्स आच बंद केल्यावर, पाणी ८० अंशांवर आलं की टाकले, तर कडू कमी येतं आणि वास राहतो. आंबवण संपल्यावर थंड बिअरमध्ये टाकले तर जवळजवळ नुसता वासच. म्हणजे कोणते हॉप्स टाकले याइतकंच ते कधी टाकले यालाही महत्त्व आहे. फोडणीत कढीपत्ता आधी टाकायचा की शेवटी, यावरून घराघरात वाद होतात, तसलंच हे.

तोलाचंही गणित आहे. आंबवण्याआधी पाण्यात साखर किती आहे हे घनतेवरून मोजतात. घनता १.०५६ असेल तर ५६ गुण धरायचे. कडवटपणा आयबीयू नावाच्या एककात मोजतात. कडूला गोडाने भागलं की तोलाचा आकडा मिळतो. आमच्या पहिल्या रेसिपीत कडू ५८ होतं आणि गोड ५६, म्हणजे आकडा १च्या जरा वर. मित्र म्हणाला, चांगली आहे, पण जीभ खरवडते. दुसऱ्या बॅचला कडू कमी केलं. तिसऱ्याला आणखी कमी. ओट्स घातले, गव्हाचा माल्ट घातला, उकळीतले हॉप्स काढून नंतरच्या टप्प्यावर ढकलले. सहाव्या बॅचला कडू २६वर आलं आणि गोड ६४वर गेलं. आकडा झाला ०.४१. साखर वाढली की अल्कोहोल वाढतो, तो झाला ६.८ टक्के.

ही सहावी बॅच त्याच्या पाहुण्यांना पाजली गेली. तिथे सगळे खूश. एकाने तासाभरात तीन ग्लास संपवले आणि म्हणाला, अरे, ही बिअर आहे हे कळलंच नाही, ज्यूस वाटला.

मित्राने हे मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मलाही छान वाटलं. मग ‘कळलंच नाही’ हा शब्द डोक्यात घोळत राहिला. ही नेमकी कशाची स्तुती आहे? पिणाऱ्याच्या अंगात काय जातंय ते त्याला कळू नये, ही गोष्ट बनवणाऱ्याने जिंकलेली समजायची का?

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला, कारण माझं पोट त्याच्यावरच चालतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर अडथळे काढतो. एक क्लिक कमी, एक स्क्रीन कमी, पासवर्ड नको, विचार करायला जागाच नको. वापरणाऱ्याला कळलंच नाही म्हणजे डिझाइन उत्तम. तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल तर अंगठा वर सरकवला की खाली आणखी मजकूर येतो. जिथे हे संपतच नाही त्या सोयीला इन्फिनिट स्क्रोल म्हणतात. एझा रास्किन या डिझायनरने ती २००६मध्ये तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. तिच्याआधी पान संपायचं, ‘पुढे’ असं बटण यायचं. ते दाबायच्या क्षणी माणसाला एक संधी मिळायची, पुरे आता, झोपू या, असं म्हणण्याची. बटण गेलं आणि संधीही गेली. वाचणाऱ्यावर जबरदस्ती कोणीच केली नव्हती. थांबायची जागा मात्र काढून घेतली होती.

बिअरमध्ये कडू हे ते बटण आहे का?

इतिहासात पाहिलं तर कडूचं काम खरोखर राखणदाराचं होतं. आयपीएची गोष्ट सगळीकडे अशी सांगतात की इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना बिअर खराब व्हायची, म्हणून हॉजसन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने भरपूर हॉप्सची नवी बिअर शोधून काढली. मार्टिन कॉर्नेल या बिअरच्या इतिहासकाराने ही दंतकथा खोडून काढली आहे. हॉजसनने काहीही नवीन शोधलेलं नव्हतं. त्याची बो इथली भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना सोयीची होती आणि कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा. गरम देशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हा सल्ला त्याच्या आधीपासून रूढ होता. १८२०च्या दशकात बर्टन गावचे ऑलसॉप वगैरे या धंद्यात उतरले आणि हॉजसनचं वर्चस्व संपलं. दंतकथा गेली तरी एक गोष्ट खरी उरते. हॉप्समधली कडू द्रव्यं बिअर आंबट करणाऱ्या काही जिवाणूंना वाढू देत नाहीत. महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात पिपाच्या आतला पहारा कडू करत होतं.

पुढे फ्रीज आला आणि पहाऱ्याची गरज संपली. कडू नुसती आवड म्हणून उरलं. अमेरिकेत काही वर्षं कोण जास्त कडू बनवतो याची चढाओढ चालली. मग लंबक दुसरीकडे गेला. व्हरमाँटच्या द अल्केमिस्ट या ब्रुअरीची हेडी टॉपर ही गढूळ, रसदार आणि ८ टक्क्यांची बिअर गाजली, तिच्या मागून शेकडो आल्या. २०१८मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने ‘ज्यूसी किंवा हेझी’ असा वेगळा प्रकारच मान्य केला. म्हणजे बिअर ज्यूससारखी लागावी हे आता अधिकृत ध्येय आहे. आमची सहावी बॅच त्याच रांगेतली.

उरणमध्ये बसून हे वाचताना मला समोरचं बंदर दिसतं. विलायती बिअरची पिपं ज्या मुंबई बंदरात उतरायची, त्याच बंदराच्या आमच्या काठावर एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या. आज उरण म्हटलं की कंटेनर, ओएनजीसी आणि मोऱ्याची लाँच आठवते. त्या काळी उरणची ओळख मीठ आणि दारू ही होती. भट्ट्यांचे मालक पारशी, मोहाची फुलं बाहेरून यायची आणि तयार दारू पलीकडे मुंबईला जायची. १८७८च्या अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारच्या मुठीत आणखी घट्ट आलं. १८९२मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचाच कायदा झाला, कारण फुलं हाती राहिली तर लोक घरी गाळतील.

घरी गाळणारे सगळे संयमी होते असं मी म्हणणार नाही. रानातल्या वस्त्यांवर दारूने माणसं तेव्हाही नासली असतील. पण एक बदल इथे नीट दिसतो. दारू किती कडक ठेवायची हे ठरवणारा आणि ती पिणारा, ही दोन माणसं वेगळी झाली. ठरवणाऱ्याच्या हाती महसूल आला, म्हणजे प्रत्येक जास्तीच्या पेल्यामागे त्याला काहीतरी मिळू लागलं. ब्रेक ज्याच्या पायाखाली होता त्याचा फायदा वेगात होता. आज आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ५ टक्क्यांच्या वरची बिअर ‘स्ट्राँग’ ठरते, ८ टक्क्यांपर्यंत. आणि देशात जास्त खप स्ट्राँगचाच आहे. आमची सहावी बॅच उरणच्या दुकानात असती तर तिच्यावरही स्ट्राँग असंच छापावं लागलं असतं, चवीला ती कितीही ज्यूस लागो.

मला या बिअरमधून एक रुपयाही मिळत नाही, तेव्हा हा आरोप मला लागू नाही असं वाटू शकतं. पण मला स्तुती मिळते. सहाव्या बॅचपर्यंत माझे सगळे आकडे त्या स्तुतीच्या दिशेनेच सरकत गेले होते. तीही एक कमाईच.

आजीला मी एकदा सांगितलं होतं की आम्ही कडू बिअर बनवतो. ती म्हणाली, “पैशे देऊन करू कोन पितो रं?” आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो, करू म्हणजे कडू. तिच्या लेखी कडू म्हणजे काढा, कडू म्हणजे कारलं, कडू म्हणजे पाडव्याची कडुलिंबाची पानं. पाडव्याला त्या पानांबरोबर गूळ देतात. मला वाटतं, तोल या शब्दाचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही. गुळामुळे कडुलिंब गिळता येतो, पण आपण कडुलिंब खाल्ला हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. गूळ त्याला लपवत नाही. आमच्या सहाव्या रेसिपीत गोडाने कडूला लपवलं होतं आणि कडूच्या जागी बसलेल्या अल्कोहोललाही.

एवढं सुचल्यावर मी ते उत्साहाने आईला ऐकवलं. कडू म्हणजे ब्रेक, बनवणाऱ्याने तो काढू नये, वगैरे. आईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझे आजोबा नाक दाबून प्यायचे. इतका घाण वास यायचा की आम्ही पोरं ओटीवर जाऊन बसायचो. कडू आहे म्हणून कोण थांबतं रे?”

माझे ते आजोबा, आईचे वडील, मिठागरावर काम करायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. आईने त्यांच्याबद्दल एकूण दहा वाक्यं सांगितली असतील, त्यातली आठ दारूबद्दलची.

आईचा मुद्दा माझा सगळा युक्तिवाद पाडतो की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. ती म्हणते ते खरंच आहे. ज्याला लागते त्याला चव लागत नाही. गूळ-नवसागराची हातभट्टी कोणी चवीसाठी पीत नाही. २००४मध्ये विक्रोळीत आणि २०१५मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने माणसं मेली, मालवणीत तर शंभरावर. तिथे चवीचा ब्रेक कुणालाही वाचवू शकला नाही. शेवटच्या ग्लासावर चवीचं राज्य नसतं.

पण पहिल्या ग्लासावर असतं. आजोबांनीही कधीतरी पहिल्यांदा पेला उचलला असेल आणि त्यांना ठसका लागला असेल. तो ठसका पुरेसा ठरला नाही हे खरं, पण कित्येकांना पुरला असेल. त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, कारण त्यांच्या घरात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. एकविसाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे बिअरला ज्या वयाला परवानगी मिळते त्या वयाला, जो मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा ग्लास हातात घेते, तिला समोर काय आहे याची जीभ पहिली खबर देते. फळांच्या चवीत अल्कोहोल दडवणारा बनवणारा ती खबर दाबतो. सवय लागलेल्या माणसासाठी माझ्या रेसिपीत काहीच नाही. नव्याने पिणाऱ्यासाठी मात्र आहे, आणि तिथली जबाबदारी मला झटकता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला स्वतःलाही पटतो. मोठ्या माणसाने काय प्यावं हे ठरवणारा मी कोण? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९मध्ये ‘ऑन लिबर्टी’त अमेरिकेतल्या मेन राज्याच्या दारूबंदीवर टीका केली होती. स्वतःपुरत्या गोष्टीत माणसाला मोकळीक हवी, हा त्याचा आग्रह. मी त्या बाजूचाच आहे. घरच्या पातेल्यात स्वतःपुरती बिअर बनवणाऱ्याला तुरुंगाची भीती असावी, हे मला आजही पटत नाही. पण मोकळीक म्हणजे निवड, आणि निवडायचं तर काय निवडतोय हे कळायला हवं. ज्या बिअरमध्ये ‘कळलंच नाही’ तिथे पिणाऱ्याने निवड कधी केली? तीन ग्लासांपैकी पहिल्याला केली असेल. दुसरा आणि तिसरा आमच्या रेसिपीने निवडला. म्हणजे कडू थोडं शिल्लक ठेवणं हे पिणाऱ्यावर लादलेलं शहाणपण ठरत नाही. त्याचा निर्णय त्याच्याकडे राहावा यासाठी ते आहे. त्यानंतर त्याने पाच प्यावेत की एकही नाही, हा त्याचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये सांगितलंच आहे की आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. मग ‘तोल साधलेली बिअर’ या शब्दांनी आपण तब्येतीचा तोल साधतोय असा समजही कोणी करून घेऊ नये.

सातव्या बॅचची रेसिपी मी या विचाराने लिहिली. वीस लिटरला पेल माल्ट ३.२ किलो, गव्हाचा माल्ट आणि ओट्स प्रत्येकी ४०० ग्रॅम. घनता १.०४२, म्हणजे अल्कोहोल सुमारे ४.२ टक्के. माल्ट ६८ अंशांच्या पाण्यात भिजवायचा, म्हणजे थोडी न आंबणारी साखर उरते आणि बिअर पाणचट लागत नाही. उकळीच्या सुरुवातीला मॅग्नम हॉप्स १५ ग्रॅम, फक्त कडूसाठी. आच बंद केल्यावर ८० अंशांना सिट्रा ६० ग्रॅम, वीस मिनिटं. शेवटी थंड बिअरमध्ये सिट्रा आणि मोझॅक मिळून १०० ग्रॅम. एकूण कडू ३२च्या आसपास, तोल ०.७६.

यीस्ट मात्र मी उरणच्या हिशेबाने निवडलं. नेहमीचं एल यीस्ट वीस अंशांच्या आसपास खूश असतं, उरणच्या मे महिन्यात ते बिचारं बिथरेल. नॉर्वेच्या खेड्यांत क्वाइक नावाचं यीस्ट घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. त्यातलं वॉस गावचं यीस्ट ३५ अंशांच्या पुढेही नीट काम करतं आणि वरून संत्र्याचा वास देतं. ही परंपरा जगासमोर मांडण्यात लार्स मारिउस गार्शोल या माणसाचा मोठा वाटा आहे, आणि तो पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, याचा मला उगाच आनंद होतो. आपल्या भट्टीचं विरजण आपल्या घरी जपायची सोय त्या शेतकऱ्यांकडे टिकली. आमच्याकडच्या मोहाच्या वाट्याला ती आली नाही.

मित्राने सातवी बॅच बनवली. फोनवर म्हणाला, आधी पेरू येतो, मग संत्रं, आणि गिळल्यावर मागून कडू येतं, थोडा वेळ थांबतं आणि जातं. पाहुण्यांपैकी दोघांना सहावीच जास्त आवडली होती. एकाने अर्धा ग्लास झाल्यावर विचारलं, ही किती टक्के आहे?

सहाव्या बॅचला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. तेवढ्यासाठी मी आता स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत टक्केवारी लिहितो, हॉप्सची नावं त्याच्या खाली. बाटलीवरही तसंच चिकटवायला मित्राला सांगितलं आहे.

आईला मी सातव्या रेसिपीचं सांगितलं, पेरूचंही आणि त्या प्रश्नाचंही. तिने ऐकलं आणि म्हणाली, “बरं केलंस. पण ज्याच्या घरी थांबणारा नाही, त्याच्या घरी ती बाटली जाऊ देऊ नको.” हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मत दिलं तर दारूचं दुकान बंद करता येतं, बाटली आडवी करता येते. कित्येक बायकांनी ती केलीही आहे. त्या बायका शेवटच्या ग्लासाबद्दल बोलत असतात, आईसारख्याच. मी पहिल्या ग्लासाबद्दल बोलतोय. माझ्या हातात तेवढाच आहे.